खगोल-रूपांतरित कॅमेरा : दिवसाच्या छायाचित्रणातील फिल्टर

तेजोमेघांचा लाल प्रकाश अधिक टिपता यावा म्हणून सेन्सरपुढील मूळ फिल्टर काढलेला किंवा बदललेला डिजिटल कॅमेरा. दिवसा त्यातून नैसर्गिक रंग मिळवण्यासाठी लेन्सवर योग्य फिल्टर चढवावा लागतो.

सिलिकॉनच्या सेन्सरला डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरणही सुमारे १,००० नॅनोमीटरपर्यंत जाणवतात. ते अडवण्यासाठी कारखान्यात बसवलेला फिल्टर हायड्रोजनच्या ६५६.३ नॅनोमीटरच्या प्रकाशाचाही (एच-आल्फा) मोठा भाग रोखतो. त्यामुळे मृग नक्षत्रातील बर्नार्ड वलय किंवा शृंगाश्वातील रोझेट तेजोमेघ साध्या कॅमेऱ्यात फिका उमटतो. एच-आल्फा टिपणारे कॅमेरे कंपन्यांनीही काढले : कॅननचे २०डीए (२००५) व ६०डीए (२०१२), निकॉनचा डी८१०ए (२०१५).

रूपांतर दोन प्रकारचे असते. पहिल्यात नवा फिल्टर एच-आल्फा येऊ देतो, अवरक्त मात्र अडवतो. अशा कॅमेऱ्याची दिवसाची छायाचित्रे लालसर येतात. करड्या कार्डावर व्हाइट बॅलन्स जुळवला की बहुतेक वेळा काम भागते.

दुसऱ्या, पूर्णवर्णपटी प्रकारात अवरक्तही आत शिरते आणि केवळ व्हाइट बॅलन्स पुरत नाही. परभणी जिल्ह्यातील बोरीसारख्या गावाच्या शिवारात रब्बीची ज्वारी उभी असताना हा फरक ठळक दिसेल. हिरवी पाने अवरक्त प्रकाश जोरकसपणे परावर्तित करतात; त्यामुळे छायाचित्रात त्यांचा हिरवेपणा हरपतो. काही काळी कृत्रिम कापडेही तांबूस-जांभळी दिसतात. 

यावर उपाय म्हणजे साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरचाच प्रकाश सोडणारा अतिनील-अवरक्त रोधक फिल्टर. तो एच-आल्फा अडवत नसल्याने थोडी लाली उरते. बीजी४० सारखी निळसर-हिरवी शोषक काच लाल रंग क्रमाक्रमाने घटवते, म्हणून तिचे रंग मूळ कॅमेऱ्याच्या जवळ जातात. यांपैकी पहिल्या, लेप देऊन बनवलेल्या फिल्टरवर प्रकाश तिरपा पडला की त्या फिल्टरची सीमा लघु तरंगलांबीकडे सरकते. वाइड-अँगल लेन्सच्या चित्रात त्यामुळे कोपऱ्यांचा रंग बदलतो. शोषक काचेत हा दोष फारसा नसतो.

सेन्सरपुढील काचेची जाडी बदलली असेल, तर डीएसएलआरचा ऑटोफोकस चुकू शकतो. तेव्हा लाइव्ह व्ह्यूमध्ये फोकस साधावा. वर सांगितलेल्यांपैकी एकही फिल्टर सूर्यदर्शनासाठी सुरक्षित नाही. सूर्याकडे रोखलेल्या लेन्ससमोर स्वतंत्र सौर फिल्टर लावणे आवश्यक असते.