छत्री, बॉक्स आणि मधली वायर

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. डोंबिवलीहून आईचा फोन : "अरे, अर्धी चॅनल गेली बघ." अर्धीच? हो. बाबांच्या बातम्या स्वच्छ, आईची मालिका गायब. ठाण्यात बसून मी आयटीवाल्यांचा हुकमी उपाय सांगितला : बॉक्स बंद करून चालू कर. तीनदा झालं. मग दुरुस्तीवाला येऊन "बॉक्स बदला" म्हणून गेला. बाबा एवढंच म्हणाले, "आधी वायर बघा." त्यांचं कोणी ऐकलं नाही. (मीसुद्धा!)

शनिवारी गच्चीवर गेलो आणि तिथे टीव्हीचा सगळा इतिहासच पडलेला दिसला.

सगळ्यात जुना, गंजलेला अँटेनाचा पाइप. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ला. बाबांनी टीव्ही घेतला १९८२च्या एशियाडसाठी. अँटेनाचं तोंड नैर्ऋत्येला, वरळीकडे. कावळा बसला की चित्र हलायचं. मग एक जण गच्चीवर, एक खिडकीत : "आलं का?" "गेलं!"

१९९१ला स्टार टीव्ही आला, १९९२ला झी. केबलवाल्याने आपल्या गच्चीवर भलीमोठी छत्री लावली आणि काळ्या वायरी नारळाच्या झाडांवरून बिल्डिंगी ओलांडत घराघरांत शिरल्या. कायदा आला तो १९९५ला, तोवर अर्धं गाव जोडलं गेलं होतं. २००३ला डीटीएच सुरू झालं आणि प्रत्येकाची छोटी छत्री आग्नेयेकडे आकाशात बघायला लागली. डिजिटल केबलची सक्ती कल्याण-डोंबिवलीत दुसऱ्या टप्प्यात आली, मुदत ३१ मार्च २०१३.

दोन्ही टोकांची यंत्रं बदलत गेली. मधली कोअ‍ॅक्सिअल केबल मात्र तीच. तिचं पेटंट ऑलिव्हर हेविसाइडने इंग्लंडमध्ये १८८०ला घेतलं, म्हणजे रेडिओचाही पत्ता नव्हता तेव्हा! मध्ये तार, भोवती प्लास्टिक, त्यावर धातूची जाळी.

आता अर्धीच चॅनल का गेली? ही वायर छत्रीकडून सिग्नल आणते, तशीच छत्रीच्या तोंडावरच्या एलएनबीला वीजही पुरवते. १३ व्होल्ट दिले की तो उभ्या लहरी पकडतो, १८ दिले की आडव्या. जोड गंजला की वाटेतच व्होल्ट गळतात. बॉक्स १८ पाठवतो, वर पोचतात कमी, एलएनबी समजतो १३च आले. आडव्या लहरींवरची सगळी चॅनल बंद! मुसळधार पावसातही सिग्नल जातो, पण तो पाऊस थांबला की परत येतो. आमचा कडक उन्हातही येत नव्हता.

कठड्याच्या कोपऱ्यावर वायरची साल घासून फाटलेली सापडली. तिथून शिरलेलं पाणी जाळीतून झिरपत खालच्या कनेक्टरपर्यंत पोचलेलं. कापली तर आत तार काळी, जाळी ओली. खराब तुकडा काढून नवी वायर, नवे कनेक्टर लावले आणि भिंतीत शिरण्याआधी वायरला खाली एक झोळ दिला, म्हणजे पाणी तिथूनच टपकेल. खर्च बॉक्सच्या मानाने अगदीच किरकोळ.

वरून ओरडलो, "आलं का?"

खिडकीतून बाबांचा आवाज, "आलं!"

खाली आलो तेव्हा बाबा काही बोलले नाहीत. फक्त रिमोट आईच्या हातात दिला.