शेणातून अग्नी

आपल्या भिवंडी तालुक्यात भाताच्या रोपांसाठी राब भाजण्याची चाल फार जुनी. शेण, पालापाचोळा व गवत वाफ्यावर पसरून पेटवावयाचे आणि त्या राखेत बी पेरावयाचे. तण मरते हे खरे. परंतु शेणातील नत्र धुराबरोबर निघून जाते. गोवऱ्यांचेही तेच. विस्तवही मिळावा आणि खतही हाती राहावे, या खटपटीचा आरंभ आपल्यापासून फार दूर झालेला नाही.

मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर ॲकवर्थ यांनी १८९० साली माटुंग्यास निराधार कुष्ठरोग्यांसाठी आश्रम काढला. (मराठी पोवाडे जमविणारे ॲकवर्थसाहेब ते हेच.) तेथे १८९७ साली मैल्यापासून निघणारा वायू दिव्यांसाठी उपयोगात आणला गेला. समाजाने ज्यांना वेशीबाहेर घातले त्यांच्या वस्तीत हा उजेड आधी पडला, हे ज्ञातिबांधवांनी अवश्य ध्यानी घ्यावे.

शेणाची पाळी पुढे चाळीस वर्षांनी आली. दिल्लीच्या कृषिसंशोधन संस्थेत देसाई यांनी प्रयोग केले. जशभाई पटेल यांनी १९५१ साली 'ग्रामलक्ष्मी' संच सिद्ध केला, आणि खादी कमिशनने साठ सालानंतर तो खेडोपाडी नेला. रचना साधीच. विहिरीसारख्या बांधीव खड्ड्यात शेण व पाणी समभाग कालवून सोडावयाचे. हवेवाचून सूक्ष्म जंतू मिथेन वायू तयार करतात, त्याने वरची लोखंडी टोपी उचलली जाते, आणि नत्र खालच्या मळीत शिल्लक राहते. टोपी गंजे व महाग पडे; म्हणून १९८४ साली विटांच्या घुमटाचा 'दीनबंधू' संच निघाला.

मात्र दोन घनमीटरच्या संचास रोज सुमारे ५० किलो शेण लागते, म्हणजे दावणीस चारपाच जनावरे हवीत. ती राहिली नाहीत तेथे टोप्या परसात गंजत पडल्या. पेंढ्याने तूट भरू म्हणावे, तर अख्खा पेंढा वर तरंगून साय धरतो. तो बारीक तोडून, आधी कुजवूनच घालावा लागतो.

घरचा संडास जोडणे हा दुसरा उपाय. कोकणात अप्पा पटवर्धनांनी भंगीकाम स्वहस्ते करून मैल्याच्या खताचा पुरस्कार केला. १९५९ साली देहूस सरकारी डॉक्टर म्हणून आलेले डॉ. मापुसकर यांनी तोच वारसा चालवून संडासाला जोडलेले गॅससंच उभारले. शेणाच्या गॅसवरचा भात आपण आनंदाने जेवलो; संडासाचे नाव निघताच मात्र पुष्कळांनी पान दूर सारले. देहूत त्या गॅसवर चुली पेटल्या.