‘गुत्ता’ : एका शब्दाचा आर्थिक इतिहास

सिंदफणेच्या काठी वसलेल्या माजलगावात आणि एकूणच मराठवाड्यात बांधकाम अंगावर घेणाऱ्यास ‘गुत्तेदार’ म्हणतात; पुण्या-मुंबईकडे त्यालाच कंत्राटदार किंवा ठेकेदार म्हटले जाते. उलट, इतरत्र ‘गुत्ता’ म्हटले की दारूचे दुकान, आणि तेही काहीसे बदनाम, एवढेच आठवते. एका शब्दाचे हे दोन अर्थ कसे झाले हे पाहू गेल्यास आपल्याकडील मद्यगृहाच्या इतिहासावरही प्रकाश पडतो.

या शब्दाचे मूळ द्राविडी आहे. कन्नडमधील ‘गुत्तिगे’ आणि तेलुगूतील ‘गुत्त’ यांचा अर्थ मक्ता, खंडाने घेतलेला हक्क. त्यास फार्सी ‘दार’ जोडून ‘गुत्तेदार’ सिद्ध झाला. तेलुगू, कन्नड, मराठी आणि उर्दू या भाषा एकाच राज्यात नांदत असलेल्या निजामाच्या हैदराबाद संस्थानात असा संकर स्वाभाविकच होता. माजलगाव 1948 पर्यंत या संस्थानात होते. आबकारी हे संस्थानच्या उत्पन्नाचे एक प्रमुख अंग. शिंदी आणि मोहाची दारू विकण्याचा हक्क हर्रास करून मक्त्याने दिला जाई. ‘दारूचा गुत्ता’ म्हणजे आरंभी दारूविक्रीचा मक्ता. पुढे लक्षणेने तो विक्रीच्या जागेस लागला आणि अखेरीस ‘दारूचा’ हे विशेषणही गळून पडले, असे दिसते.

येथे आयर्लंडची तुलना उद्बोधक ठरेल. तेथील ‘पब’ हे ‘पब्लिक हाऊस’चे संक्षिप्त रूप, त्यात निर्देश आहे तो लोकांसाठी खुल्या असलेल्या घराचा. खेड्यांत पुष्कळदा एकाच छपराखाली किराणाही विकला जाई, आणि दारावर मालकाच्या कुळाचे नाव पिढ्यान्‌पिढ्या राही. परवाना तेथेही सरकारचाच. पण नाव घराचे. आपल्याकडेही प्राचीन काळी असे घर अपरिचित नव्हते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील सुराध्यक्षप्रकरणात अनेक दालने, शय्या, आसने, गंध, माल्य आणि उदक यांनी युक्त अशा पानागाराचे विधान आहे. ‘कल्यपाल’ या संस्कृत शब्दापासून आलेला ‘कलाल’ हाही व्यवसायाचा वाचक आहे. ‘गुत्ता’ मात्र ना घर सांगतो, ना व्यवसाय. तो सरकार आणि मक्तेदार यांच्यातील व्यवहार सांगतो. मुदत संपताच ज्याचा धनी बदलू शकतो, त्या दुकानास कुळाचे नाव आणि परंपरा लाभणे कठीणच.

हा संबंध लोकांनीही नेमका ओळखला होता. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील 1947–48 च्या मुक्तिलढ्यात शिंदीची झाडे तोडणे हा प्रतिकाराचा एक प्रकार होता. त्या झाडावरील घाव थेट संस्थानच्या तिजोरीवर बसे. 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा पुढे तेथेही लागू झाला. सरकारमान्य मक्त्याचे नाव अशा रीतीने चोरट्या अड्ड्यासही चिकटले, आणि अर्थाचा अपकर्ष पुरा झाला.

मराठवाड्याच्या बोलीत मात्र ‘काम गुत्त्याने देणे’ हा निर्दोष प्रयोग टिकून आहे. त्यास प्रांतिक अपभ्रंश समजणे योग्य नव्हे. मूळ अर्थ जपला तो बोलीने. बदल घडला तो प्रमाण भाषेत. संस्थानी आबकारीच्या दप्तरांचा अभ्यास करणाऱ्याने बोलीचा हा पुरावा डोळ्यांआड करून चालणार नाही; अन्यथा प्रत्येक गुत्तेदार त्यास कलालच वाटावयाचा.