चेहरेपट्टीपासून चालचलणुकीपर्यंत

एखाद्या व्यवसायाचे अंतिम साध्य पूर्णत्वाने कधीही हाती लागणार नाही, हे त्या व्यवसायाच्या जन्मापूर्वीच गणिताने सिद्ध करून ठेवावे, असा योग इतिहासात विरळाच; परंतु घरोघरच्या संगणकांची झडती घेणाऱ्या अँटिव्हायरसच्या वाट्यास तो आला. 1983 च्या नोव्हेंबरात दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील फ्रेड कोहेन या विद्यार्थ्याने एका निरुपद्रवी दिसणाऱ्या प्रोग्रामात अशी आज्ञावली दडविली की ती आपल्या प्रती इतर प्रोग्रामांत घुसवीत सरासरी अर्ध्या तासात व्हॅक्स यंत्राचा सारा अंमल बळकावी. आणि त्याचे मार्गदर्शक लेनर्ड एडलमन यांनी या प्रकारास व्हायरस हे नाव सुचविले. पुढील वर्षी प्रसिद्ध झालेल्या निबंधात कोहेन याने जो युक्तिवाद मांडला तो या प्रयोगाहूनही दूरगामी होता. प्रत्येक व्हायरस बिनचूक ओळखणारा परीक्षक आहे असे क्षणभर गृहीत धरले, तर त्याच परीक्षकाकडे स्वतःविषयी विचारणा करणारा, ‘हा व्हायरस आहे’ असा अभिप्राय मिळताच स्वस्थ बसणारा आणि ‘नाही’ असा मिळताच फैलावू लागणारा प्रोग्राम रचता येतो. म्हणजे परीक्षकाने काहीही म्हटले तरी तो खोटाच पडावयाचा.

तथापि व्यवहार सिद्धांतापाशी अडून राहत नाही. 1986 साली लाहोर येथील बासित व अमजद फारूक अल्वी या बंधूंनी रचलेला ‘ब्रेन’ हा व्हायरस फ्लॉपीच्या बूट सेक्टरात, म्हणजे यंत्र सुरू होताना सर्वप्रथम वाचल्या जाणाऱ्या भागात, ठाण मांडून देशोदेशी पोहोचला. त्यात त्या बंधूंची नावे, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक हे सारे राजरोस नमूद होते. परंतु तो जागा असताना कोणी तो सेक्टर वाचू गेल्यास मूळचा स्वच्छ सेक्टर पुढे करण्याची लबाडीही त्यास अवगत होती. 1987 मध्ये जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात दुसरा एक व्हायरस सापडला. 13 तारखेस शुक्रवार आला की जो प्रोग्राम चालवावा तोच पुसून टाकावयाचा, हा त्याचा शिरस्ता. मात्र आधीच बाधलेल्या काही फाईलींना तो पुनःपुन्हा चिकटत राही, त्यामुळे त्या अवाढव्य फुगत आणि त्याचे बिंग फुटे. याच वर्षी अमेरिकेत मॅकॅफी, पश्चिम जर्मनीत जी डेटा आणि चेकोस्लोव्हाकियात ‘नॉड’ यांनी या धंद्याची मुहूर्तमेढ रोवली.

या पहिल्या पिढीची तपासणी पोलिसी दप्तरातील चेहरेपट्टीच्या जातीची होती. फरारी इसमाच्या अंगावरील व्रण नोंदवून ती नोंद नाक्यानाक्यावर धाडावी, त्याप्रमाणे हाती लागलेल्या व्हायरसातून अन्यत्र सहसा न आढळणारी बाइटांची एक मालिका निवडून घेत. तीच त्याची सिग्नेचर, आणि अशा सिग्नेचरांचा संग्रह म्हणजे अँटिव्हायरसचे दप्तर. परंतु डिस्कवरील प्रत्येक फाईल आरंभापासून अंतापर्यंत वाचणे त्या काळच्या मंद यंत्रांना परवडण्यासारखे नव्हते; आणि व्हायरस बहुधा फाईलीच्या शेपटाशी जोडला जाऊन तिच्या मुखाशी आपल्याकडे वळण्याचा हुकूम लिहून ठेवीत असल्यामुळे, मुख, शेपूट आणि प्रोग्रामाची अंमलबजावणी जेथून सुरू होते ते स्थान, एवढेच पाहून पुढे जाण्याची वहिवाट पडली. दप्तर वाढत गेले तसे फाईलीच्या एकाच वाचनात सर्व सिग्नेचरा पडताळण्याची निकड भासू लागली. तेथे बेल प्रयोगशाळेतील आल्फ्रेड अहो व मार्गारेट कोरासिक यांनी 1975 साली ग्रंथसूचीतील शोधाच्या सोयीसाठी प्रसिद्ध केलेली रीत उपयोगी पडली, आणि ‘क्लॅमएव्ही’ या मुक्त अँटिव्हायरसात ती आजही योजिली जाते.

परंतु गुन्हेगार वेषांतर करू लागला म्हणजे चेहरेपट्टी निरुपयोगी ठरते. पडद्यावरील अक्षरे पावसासारखी खाली पाडणारा ‘कॅस्केड’ आपला देह सांकेतिक लिपीत गुंडाळून ठेवी. मात्र ती लिपी उलगडणारा आरंभीचा तुकडा कायम तोच राहत असल्याने तपासनिसांनी त्याचीच नोंद केली. 1990 मध्ये मार्क वॉशबर्न या अमेरिकन प्रोग्रामरने तो तुकडाही प्रत्येक प्रतीत पालटणारा व्हायरस रचून दाखविला, आणि त्यानंतर थोड्याच काळात ‘डार्क ॲव्हेंजर’ हे टोपणनाव धारण करणाऱ्या बल्गेरियन इसमाने, कोणाही व्हायरसास हे बहुरूपीपण बहाल करणारे ‘म्यूटेशन इंजिन’ खुले केले. यावर तोड निघाली ती एम्युलेटरची: संशयित प्रोग्राम खऱ्या प्रोसेसरवर न चालविता, सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या लटक्या प्रोसेसरवर चालवावयाचा, त्याने आपली लिपी आपणच उलगडेपर्यंत धीर धरावयाचा, आणि खरा देह उघडा पडताच त्याची दप्तराशी गाठ घालावयाची.

याच सुमारास महाराष्ट्रातही या विद्येचे एक ठाणे उभे राहत होते. पुण्यात 1990 साली कॅल्क्युलेटर दुरुस्तीचे दुकान थाटणाऱ्या कैलाश काटकर यांच्याकडे पुढे बिघडलेले संगणकही येऊ लागले. त्यांपैकी अनेकांचा बिघाड सुट्या भागांत नसून व्हायरसात आहे असे दिसून आल्यावर, संगणकशास्त्राचे शिक्षण घेतलेले त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी त्यावर उतारे लिहिले. त्यांतून 1995 मध्ये डॉसवर चालणारा ‘क्विक हील’ बाजारात आला, आणि 2016 साली या कंपनीचे भाग शेअर बाजारात दाखल झाले.

आजची तपासणी ही मुख्यत्वे चालचलणुकीची चौकशी होय. सवडीने सारी डिस्क धुंडाळण्याची जुनी रीत चालू असली तरी खरा पहारा फाईल उघडण्याच्या क्षणी असतो; आणि अनोळखी प्रोग्राम दुसऱ्याच्या फाईलीत लिहू पाहतो काय, दस्तऐवज एकामागून एक कुलूपबंद करीत सुटतो काय, याचा हिशेब मांडून, तसेच कंपनीच्या दूरस्थ सर्व्हरला त्याची ओळख विचारून, त्यास जाऊ द्यावे की क्वारंटाइनमध्ये अटकावून ठेवावे याचा फैसला होतो. 2012 पासून, विंडोज 8 च्या रूपाने, ही व्यवस्था खुद्द विंडोजचेच अंग बनली. मात्र पहारेकऱ्याच्या अतिदक्षतेची किंमतही लहान नसते. 21 एप्रिल 2010 रोजी मॅकॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची ‘एसव्हीसीहोस्ट’ ही आवश्यक फाईलच व्हायरस ठरविली, आणि जगभरातील असंख्य संगणक तत्काळ निकामी झाले. संशय वाढवावा तर निरपराध्यास शिक्षा होते, आणि सैल सोडावा तर अपराधी निसटतो; या दोहोंमधील तडजोड कोठे करावी, हे प्रत्येक कंपनी आपल्या अनुभवाने ठरवीत असते.

तेव्हा अँटिव्हायरसने काही सापडले नाही असे सांगितले, तर ज्ञात गुन्हेगार अगर उघड संशयास्पद वर्तन नजरेस आले नाही, एवढाच त्याचा अर्थ सुज्ञ वाचकाने घ्यावा. दप्तर दररोज अद्ययावत होऊ द्यावे, अनोळखी ईमेलसोबत आलेली फाईल उघडू नये, आणि महत्त्वाच्या कागदपत्रांची व छायाचित्रांची एक प्रत संगणकापासून अलग केलेल्या डिस्कवर ठेवावी. कारण हल्ला होऊन गेल्यावर खात्रीने उपयोगी पडणारी वस्तू म्हणजे ती अलग ठेवलेली प्रतच होय.