गव्हाचें पथ्य

रोग्यास काय द्यावें याहून काय देऊं नये हें ठरविणें वैद्यकाच्या इतिहासांत अधिक अवघड ठरलें आहे. विष ओळखून टाळतां येतें. परंतु ज्या अन्नावर सारें घर पोसलें जातें तेंच एखाद्या बालकास झिजवीत आहे, ही शंका सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. गव्हाची गोष्ट अशीच आहे. सीलिअक या नांवाच्या विकारांत गहूं, जव व राय या धान्यांतील ग्लुटेन नांवाचें प्रथिन लहान आंतड्याच्या अस्तरास बाधतें. अन्न अंगीं लागत नाहीं, पोट फुगतें, हातपाय काडीसारखे होतात आणि मुलाची वाढ खुंटते. जन्मभराचें पथ्य हाच त्यावर मुख्य उपाय. हें पथ्य कसें सापडलें आणि तें संभाळून आवडीचें जेवण कसें राखावयाचें, हा इतिहास म्हणूनच दवाखान्याइतकाच स्वयंपाकघराचाही आहे.

इसवी सनाच्या आरंभींच्या शतकांत कॅपॅडोशिया प्रांतांतील आरेटीअस या ग्रीक वैद्यानें अशा रोग्यांचें वर्णन करून ठेविलें. पोट या अर्थाच्या ग्रीक शब्दावरूनच विकाराचें नांव पडलें. पुढें १८८८ सालीं लंडन येथील डॉ. सॅम्युअल जी यांनीं या विषयावर एक छोटा परंतु मार्मिक निबंध प्रसिद्ध केला. रोगी बरा व्हावयाचाच असेल तर तो आहारानेंच होईल, असा त्यांचा निष्कर्ष होता, आणि तो खरा ठरला. परंतु कोणत्या आहारानें? जी यांनीं तांदूळ, साबुदाणा व मक्याचें पीठ वर्ज्य ठरविलें; पातळ कापून दोन्ही बाजूंनीं नीट भाजलेल्या पावास मात्र मुभा दिली. निरपराध्यांस शिक्षा झाली आणि अपराधी ताटांतच राहिला!

त्याच निबंधांत एका मुलाची हकीकत आहे. त्यास रोज हॉलंडचे उत्तम शिंपले भरपूर खावयास देत, तोंवर तो झपाट्यानें सुधारला. शिंपल्यांचा हंगाम सरला आणि दुखणें उलटलें. पुढल्या हंगामीं मात्र तो मुलगा शिंपले खावयास कांहीं केल्या राजी होईना, आणि प्रयोग तेथेंच थांबला. पथ्य गुणकारी असून भागत नाहीं. रोग्यानें तें आवडीनें खाल्लें पाहिजे, हा धडा त्या बालकानें वैद्यकास देऊन ठेविला आहे.

न्यूयॉर्कचे डॉ. सिडनी हास यांनीं १९२४ सालीं केळ्यांचा आहार पुढें आणिला. पाव, बिस्किटें, बटाटे व धान्यें बंद, आणि केळीं मनसोक्त. मुलें वांचूं लागलीं. या विकारानें बालकें दगावत असतां ही गोष्ट लहान नव्हती. परंतु यशाचें श्रेय केळ्यास मिळालें; वास्तविक तें ताटांतून गेलेल्या पावाचें होतें. त्यामुळें बरीं झालेलीं मुलें पुन्हां पाव खाऊं लागत आणि नकळत जुन्याच दुखण्याकडे लोटलीं जात.

हा गुंता सोडविला तो हॉलंडमधील बालरोगतज्ज्ञ डॉ. विलेम कारेल डिके यांनीं. ते हेग येथील ज्युलिआना बाल-रुग्णालयांत काम करीत असतां एका आईनें, मुलाच्या खाण्यांतून पाव काढल्याबरोबर त्यास उतार पडल्याचें सांगितलें, अशी हकीकत आहे. डिके यांनीं तें हंसण्यावारी नेलें नाहीं. गव्हावांचूनच्या आहाराचे प्रयोग त्यांनीं चालविले व १९४१ सालीं त्यांविषयीं लेखही प्रसिद्ध केला. पुढें १९४४-४५ चा भीषण हिंवाळा आला. जर्मन सत्तेनें पश्चिम हॉलंडची अन्नवाहतूक अडविली. लोक ट्यूलिपचे कांदे व साखरेचें बीट खाऊन दिवस काढूं लागले. सुमारें २०,००० माणसें प्राणांस मुकलीं. पाव दृष्टीस पडेनासा झाला. सारा प्रांत खंगत असतां सीलिअक विकाराचीं मुलें मात्र सुधारलीं, आणि पाव परत येतांच पुन्हां आजारी पडलीं. शोध दुष्काळानें लावला असें पुष्कळदां सांगण्यांत येतें. तें अर्धेंच खरें. शंका आधींचीच होती. दुष्काळानें तिला बळ दिलें.

युद्धानंतर डिके यांनीं रोगी मुलांच्या आहारांत गहूं घालून व काढून परिणाम पाहिले. मलावाटें किती स्निग्धांश वायां जातो हें मोजण्याची रीत व्हान डी कामर या रसायनतज्ज्ञांनीं बसविली होती. तिच्या आधारें अनुमानास आंकड्यांची जोड मिळाली. डिके यांचा प्रबंध १९५० सालीं उट्रेक्ट विद्यापीठानें मान्य केला. दोनच वर्षांनीं इंग्लंडांतील बर्मिंगहॅमच्या संशोधकांनीं, बाधतो तो गव्हांतील ग्लुटेन, त्यांतील पिष्ट नव्हे, असें दाखवून दिलें.

हा ग्लुटेन घरोघरींच्या गृहिणींच्या हातांखालून रोज जातो. कणकेचा गोळा पाण्यांत चोळून धुतला तर पांढरें पिष्ट वाहून जातें आणि हातांत रबरासारखा चिवट लगदा उरतो. तोच हा पदार्थ. इटलींतील बेकारी यांचें त्याविषयींचें विवेचन १७४५ सालींच प्रसिद्ध झालें होतें. पाव फुगतो, पोळी पातळ लाटली जाते, ती याच्याच जोरावर. तेव्हां गहूं वगळणें म्हणजे एक धान्य वगळणें नव्हे; पीठ बांधून ठेवणारा दोराच काढून घेणें होय.

पावावर वाढलेल्या देशांना हा दोरा नव्यानें शोधावा लागला. महाराष्ट्राच्या चुलीपाशीं मात्र तो पूर्वींपासून होता. ज्वारीचें पीठ उकळत्या पाण्यांत मळलें कीं त्यांतील पिष्ट शिजून चिकट होतें आणि भाकरी न फाटतां थापली जाते. तांदळाची उकड काढून मोदकाची पारी वळतात, तीही याच न्यायानें. घावन, आंबोळी, नाचणीची पेज, वरीचे तांदूळ, राजगिऱ्याचे लाडू, या साऱ्यांत गव्हाचें नांव नाहीं. पुढें स्वस्त गव्हाच्या दिवसांत शहरी घरांतून भाकरी मागें पडली व पोळी रोजची झाली. पथ्याच्या निमित्तानें ती जुनी विद्या पुन्हां कामास येते.

आवडीचे पदार्थही थोड्या फेरफारानें राखतां येतात. चकोल्यांऐवजीं ज्वारीच्या पिठाचे शेंगोळे करावे. थालीपिठाची भाजणी गहूं न घालतां ज्वारी, तांदूळ, हरभऱ्याची डाळ व उडीद यांची करावी. शिऱ्यास रव्याऐवजीं वरीचे तांदूळ घ्यावे. पुरणाची पोळी पूर्वींसारखी पातळ लाटली जाणार नाहीं हें कबूल केलें पाहिजे. परंतु तांदळाच्या उकडीच्या पारींत पुरण भरून वाफविलें तर सणाची गोडी हुकत नाहीं. शेंगदाणे न सोसणाऱ्यास खिचडींत खवलेलें खोबरें आणि दूध न सोसणाऱ्यास खिरींत नारळाचें दूध चालतें, मात्र नारळ त्यास सोसत असला पाहिजे.

खरा धोका उघड गव्हाचा नाहीं, लपलेल्या गव्हाचा आहे. आजाऱ्यास मायेनें वाढावयाचें तें मऊ भात आणि मेतकूट. पण मेतकुटांत गहूं भाजून घालण्याची चाल आहे. बाजारच्या हिंगांत पुष्कळदां गव्हाचें पीठ मिसळलेलें असतें. कुरडया गव्हाच्या चिकाच्या, म्हणून निर्धोक समजूं नयेत; घरगुती चिकांत ग्लुटेन राहतोच. ज्या गिरणींत आधीं गहूं दळला तींतून आलेली ज्वारी शुद्ध नव्हे. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणें ग्लुटेनरहित म्हणविणाऱ्या अन्नांत किलोमागें २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लुटेन चालत नाहीं. यावरून चिमूटभर पिठाची किंमत कळावी. आणखी एक गोष्ट महत्त्वाची. केवळ संशयावरून गहूं सोडूं नये. आधीं तपासणी करून घ्यावी, कारण पथ्य सुरू झाल्यावर रक्ताच्या परीक्षेंत विकार दिसेनासा होऊं शकतो. गव्हाची ॲलर्जी हा निराळा विकार असून त्याची परीक्षाही निराळी आहे.

दिल्लीच्या परिसरांत झालेल्या आणि २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत सुमारें शंभरांत एकास सीलिअक विकार आढळला. तेव्हां हा विकार परदेशचा म्हणून दूर लोटतां येत नाहीं. पंगतींत सर्वांच्या पानांत पोळी पडत असतां एका मुलास वेगळें बसवून कोरडा भात वाढला, तर तें पथ्य फार दिवस टिकणार नाहीं. लपून खाल्लेला एक घास साऱ्या श्रमांवर पाणी पाडील. शिंपल्यांस कंटाळलेल्या त्या इंग्रज मुलाची हकीकत येथें पुन्हां आठवावी. जें पथ्य सारें घर आनंदानें जेवूं शकतें, तेंच जन्मभर निभतें. आई ऊन भाकरी सर्वांच्याच पानांत वाढते, तेव्हां औषधाचें अन्न होतें आणि मुलास आपण आजारी असल्याचें विसरतां येतें.