दक्षिणा फेलो, डेक्कन कॉलेज

रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या चरित्रात ‘दक्षिणा फेलो’ हे शब्द मी शाळेत असताना वाचले आणि कॉलेज शिकता शिकता भांडारकर चार घरचे सत्यनारायणही सांगत असावेत, अशी माझी समजूत झाली. आमच्या घरी दक्षिणा म्हणजे विड्याची दोन पानं, त्यांवर सुपारी, सुपारीशेजारी रुपया आणि वरून सोडलेलं पळीभर पाणी. ‘फेलो’ म्हणजे गडी, एवढं इंग्रजी येत होतं. तेव्हा दक्षिणा घेणारा गडी तो दक्षिणा फेलो, असा हिशेब मी केला.

तो अगदीच चुकीचा नव्हता, हे कळायला तीस-पस्तीस वर्षं गेली. पुढं देशाचे सरन्यायाधीश झालेल्या प्र. बा. गजेंद्रगडकरांचा परिचय वाचत होतो. त्यात ‘दक्षिणा फेलो, डेक्कन कॉलेज’ असं होतं. हे चार शब्द मी मोठ्यानं वाचले आणि थांबलो. दक्षिणा आणि डेक्कन! एक संस्कृतातून सरळ चालत आलेली, दुसरी प्राकृतात ‘दक्खिण’ होऊन, फारसी दरबारात ‘दखन’ म्हणून वावरून, गोऱ्या साहेबाच्या जिभेवर ‘डेक्कन’ झालेली. सख्ख्या बहिणी एकाच ओळीत बसल्या आहेत आणि एकमेकींना ओळखत नाहीत.

पैशाचा प्रवास आधी उरकतो, तो बहुतेकांना ठाऊक आहे. श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याची चाल तळेगावच्या सेनापती दाभाड्यांची. 1731 मध्ये डभईच्या लढाईत त्रिंबकराव दाभाडे पडले आणि ही चाल बाजीरावानं पुण्याला आणली, असं सांगतात. पुढं पर्वतीच्या पायथ्याला रमणा उभा राहिला. रमणा म्हणजे खरं तर शिकारीसाठी राखलेलं कुरण. इथं मात्र आवारात हरणांऐवजी वैदिक. दुसऱ्या बाजीरावाच्या अखेरीला वर्षाचा खर्च पाच लाखांच्या घरात होता. 1818 नंतर एल्फिन्स्टननं त्यातले पन्नास हजार चालू ठेवले आणि परीक्षेत उतरेल त्यालाच पैसे, असा दंडक घातला. याच पैशातून 6 ऑक्टोबर 1821 रोजी विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. 1851 मध्ये ती इंग्रजी शाळेत मिळून पूना कॉलेज झाली, आणि 1864 मध्ये पूना कॉलेजचं डेक्कन कॉलेज. तिथं दक्षिणेच्या पैशातून ज्याला शिष्यवृत्ती मिळे तो दक्षिणा फेलो.

आता मला ज्यात रस आहे तिकडं वळतो. ‘दक्षिणा’ हा शब्द मुळात आला कुठून?

सकाळी उगवतीकडं तोंड करून उभं राहा. उजवा हात ज्या बाजूला येतो ती दक्षिण. हात आणि दिशा यांना एकच शब्द पुरला तो यामुळं. पण त्यातलं आधी कोण? यास्कानं निरुक्तात याचा खल केला आहे, आणि त्याची गंमत अशी की तो एका उत्तरावर थांबतच नाही. एकदा म्हणतो, ‘दक्ष्’ धातूपासून. यज्ञात जे उणं राहिलं ते भरून काढते ती दक्षिणा. मग म्हणतो, प्रदक्षिणेच्या चालीवरूनही असेल. दिशेचं नाव हातावरून पडलं, आणि हाताचं पुन्हा ‘दक्ष्’वरून, कारण उजवा हात कामाला तत्पर; किंवा ‘दाश्’ म्हणजे देणं, त्यावरून. हल्लीचे कोशकार याहून जमिनीवरचं सांगतात: दक्षिणा म्हणजे मुळात गाय, विण्याजोगी, भरपूर दूध देणारी, ‘दक्ष’ गाय. यज्ञ पार पडला की ऋत्विजाला ती द्यायची. गायीच्या जागी पुढं नाणं आलं, शब्द तोच राहिला. लॅटिनमधला ‘डेक्स्टर’, म्हणजे उजवा, हा याच कुळातला चुलत भाऊ.

माझं मत गायीच्या बाजूनं. ‘दाश्’चा पर्याय गोड आहे, पण ‘क्ष’ कुठून आला याचं उत्तर त्याच्याकडं नाही. तरीही यास्काचा पहिला अर्थ मला सोडवत नाही. उणं असेल ते भरून काढते ती दक्षिणा! शिष्यवृत्तीची याहून नेमकी व्याख्या मला तरी सापडलेली नाही.

इथं एक आक्षेप हमखास येतो. दक्षिणा शिष्यानं गुरूला द्यायची असते, संस्थेनं विद्यार्थ्याला नव्हे. मग हे नाव उलटं नाही का पडलं? हा घोटाळा गुरुदक्षिणेमुळं होतो. रमण्यातली दक्षिणा गुरुदक्षिणा नव्हतीच. ती ऋत्विजाच्या दक्षिणेच्या वळणाची, विद्येचा मान म्हणून विद्यावंताला मिळणारी. आणि फेलो नुसता शिकत नसे, खालच्या वर्गांना शिकवतही असे. काम केलं, दक्षिणा घेतली. उलटं असलंच तर ते आपल्या ‘शिष्यवृत्ती’ या शब्दात आहे. वृत्ती म्हणजे उपजीविकेचा हक्क: जोशीपणाची वृत्ती, ग्रामोपाध्येपणाची वृत्ती, बापाकडून मुलाकडं जाणारी, भावाभावांत वाटून घ्यायची. शिष्यवृत्ती नेमकी वारशानं मिळत नाही, आणि नाव मात्र वतनाचं.

दक्षिणेचं वतन होऊ घातलं होतं, ही गोष्ट वेगळी. 1849 मध्ये लोकहितवादींच्या बाजूच्या मंडळींनी सरकारकडं अर्ज केला की या पैशाचा काही भाग मराठी ग्रंथांना द्या, आणि तो कुठल्याही जातीच्या लेखकाला मिळू द्या. पुण्यात वादळ उठलं. अर्जदारांच्या संरक्षणाला जोतीराव फुले महार-मांग गडी घेऊन उभे राहिले, असं त्यांचे चरित्रकार लिहितात. त्यानंतर दक्षिणा प्राइज कमिटी आली आणि मराठी पुस्तकांना बक्षिसं देऊ लागली. तिच्याकडं 1855 मध्ये याच फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक पाठवलं. तिनं ते नाकारलं. दार उघडलं होतं, पण दारावरची माणसं बदलली नव्हती.

आता प्रतिस्पर्धी. मुंबईकर म्हणतील, शिष्यवृत्तीची गंगोत्री पुण्यात कशाला शोधता? एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूटमध्ये गव्हर्नर क्लेअरच्या नावानं क्लेअर स्कॉलर होते, दादाभाई नौरोजी त्यांतलेच. खरं आहे. पण ते नाव साहेबाचं आणि वळण विलायती. दुसरा दावा लंडनचा: वुडच्या 1854 च्या खलित्यात लंडन विद्यापीठाचा नमुना घालून दिला होता, 18 जुलै 1857 रोजी मुंबई विद्यापीठाचा कायदा झाला, आणि 1859 मध्ये मॅट्रिकची पहिली परीक्षा. म्हणजे प्रवेशाची अट सगळी लंडनची. मॅट्रिकपुरतं मी हे मान्य करतो. शब्दसुद्धा लॅटिन ‘मात्रिकुला’वरून आलेला, म्हणजे नोंदवही. (त्यातली ‘मातर’ आपल्या मातेची बहीण, आणि पालीत ‘मातिका’ म्हणजेही सूचीच, पण तिकडं शिरलो तर हा लेख श्रावणातही संपायचा नाही.)

मात्र परीक्षा द्या आणि मग सरकारी पैसा घ्या, ही सवय या मुलखाला लंडननं लावली नाही. मॅट्रिकच्या आधी चार दशकं पुण्याचे शास्त्री दक्षिणेसाठी परीक्षेला बसत होते. मुंबईत पहिल्या मॅट्रिकला बसलेले रानडे आणि भांडारकर तर आधीच कॉलेजात शिकत होते. त्यांच्यासाठी प्रवेशपरीक्षा प्रवेशानंतर आली! दोघंही 1862 च्या पहिल्या चार पदवीधरांत होते. भांडारकरांना शिक्षणखात्याच्या हॉवर्डसाहेबानं संस्कृत शिकायचा सल्ला दिला आणि फेलोशिपच्या काळात त्यांनी तो अमलात आणला. रमण्यातला पैसा पुन्हा संस्कृताकडं वळला, फक्त माणूस कोटातला होता.

‘दक्षिणा’ला ‘फेलो’ कोणी जोडला? ऑक्सफर्ड-केंब्रिजची आठवण काढणारा कोणी प्राध्यापक पुढं येईल, पण माझा संशय कारकुनावर आहे. दफ्तरात खर्चाचं खातं दक्षिणेचं होतं. रक्कम त्याच खात्यावर पडायची, म्हणून नावही त्याच खात्याचं. इंग्रज दफ्तरानं ते ‘एक्स’ घालून लिहिलं. पूजेतला ‘क्ष’ बीजगणितात जाऊन बसावा तसा.

गेल्या श्रावणात घरी सत्यनारायण होता. मी गुरुजींना विचारलं, दक्षिणा म्हणजे मुळात काय? त्यांनी नोट दुमडून कनवटीला लावली आणि म्हणाले, “कर्म पुरं झाल्याची पावती.” यास्कानं मान डोलावली असती.

प्रसादाला भाचा आला होता. तो संशोधन करतो, त्याला फेलोशिप आहे. हे सगळं पुराण मी त्याला ऐकवलं आणि शेवटी विचारलं, “काय रे, या महिन्याची दक्षिणा आली का?”

“मामा, गेल्या श्रावणातली यायची आहे अजून,” तो म्हणाला आणि शिऱ्याची दुसरी वाटी पुढं ओढली.