इंग्रजी भाषेची परीक्षा : एक ऐतिहासिक समालोचन

आपल्या ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात गुणवंत विद्यार्थ्यांचा जो सत्कार होतो, त्याच्या यादीत पदवी-पदविकांच्या जोडीला अलीकडे काही नवी नावे ऐकू येऊ लागली आहेत. कोणी ‘आयेल्ट्स’मध्ये सात बँड मिळविले, कोणी ‘टोफेल’चे गुण पदरी बांधून अमेरिकेस निघाला, असे पालक अभिमानाने सांगतात. ज्यांना हवे तेवढे गुण मिळत नाहीत त्यांच्या घरी मात्र सुतक पडल्यासारखी शांतता असते. मुलाच्या परदेशगमनासाठी शेत गहाण पडले आहे, सुनेचे दागिने मोडले आहेत आणि अर्ध्या बँडापायी सारे अडून राहिले आहे, अशी कुटुंबे आमच्या पाहण्यात आहेत. म्हणून ही परीक्षा आली कोठून आणि तिच्याकडे आपण कोणत्या दृष्टीने पाहावे, याचा थोडासा विचार वाचक बंधुभगिनींपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. परंतु सारी हयात शाळेत परीक्षा घेण्यात गेली, एवढ्याच अधिकारावर हे धाडस करीत आहोत.

इंग्रजीचे ज्ञान आणि सरकारी भाकरी यांची सांगड आपल्या देशात जुनी आहे. १८३५ साली मेकॉले यांनी इंग्रजी शिक्षणाच्या बाजूने आपले सुप्रसिद्ध टिपण लिहिले. १८४४ मध्ये गव्हर्नर जनरल हार्डिंज यांनी, नव्या शिक्षणसंस्थांतून इंग्रजी शिकून आलेल्यांना सरकारी नोकरीत अग्रक्रम द्यावा, असा ठराव केला. पुढे १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले व १८५९ मध्ये त्याची पहिली प्रवेश परीक्षा झाली. हीच पुढे घरोघर ‘मॅट्रिक’ म्हणून प्रसिद्धीस आली. त्या पहिल्याच परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या मोजक्या विद्यार्थ्यांत महादेव गोविंद रानडे होते. विद्यापीठातील अध्यापन इंग्रजीतून होत असल्यामुळे इंग्रजी हाच त्या परीक्षेचा कणा होता. गणितात वा संस्कृतात निष्णात असलेला मुलगा इंग्रजीत घसरला की त्याच्यापुढे महाविद्यालयाचे दार बंद होई, आणि ‘मॅट्रिक नापास’ हा शिक्का जन्मभर त्याच्या कपाळी राही. वस्तुतः तो एका भाषेत कमी पडलेला असे. समाज मात्र त्याला बुद्धीनेच कमी समजे.

याहून उंच उंबरठा सनदी सेवेचा. तिच्यासाठी १८५५ पासून लंडनमध्ये स्पर्धा परीक्षा घेण्यात येऊ लागली. समुद्र ओलांडून, परक्या भाषेत, परक्या विद्यार्थ्यांशी टक्कर देऊन १८६३ मध्ये पहिले हिंदी गृहस्थ तीत यशस्वी झाले, ते सत्येंद्रनाथ टागोर. त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली व साताऱ्यासारख्या ठिकाणी त्यांनी न्यायाधीश म्हणून काम केले. इंग्रजीच्या एवढ्या कठीण कसोटीस उतरलेल्या या बंगाली गृहस्थांनी आपल्या तुकोबांच्या अभंगांचे बंगालीत भाषांतर केले, ही गोष्ट आपल्या तरुणांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ही परीक्षा हिंदुस्थानातही देण्याची सोय होण्यास मात्र १९२२ साल उजाडावे लागले. तसेच हेही विसरू नये, की या प्रांती येणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांनाही मराठीची परीक्षा द्यावी लागे. मोल्सवर्थ यांचा १८३१ सालचा मराठी-इंग्रजी कोश अशा अभ्यासूंच्या फार उपयोगी पडला. ज्याला दुसऱ्याच्या मुलखात काम करावयाचे आहे त्याने तेथील भाषा जाणावी, हा न्याय मूळचा वाजवीच आहे.

परंतु हाच न्याय पुढे करून अन्याय कसा करता येतो, हे पाहण्यासाठी आपणांस दक्षिण आफ्रिकेकडे वळावे लागेल. तेथील नाताळ वसाहतीत १८६० पासून हिंदी मजूर उसाच्या मळ्यांवर नेण्यात आले. त्यांच्या मागोमाग व्यापारीही गेले. गोऱ्या वसाहतवाल्यांना मजूर हवे होते, स्वतंत्र हिंदी रहिवासी नको होते. परंतु राणीच्या प्रजाजनांना वर्णावरून उघड उघड बंदी घालणे साम्राज्य सरकारास अडचणीचे वाटे. म्हणून १८९७ साली नाताळात एक कायदा झाला. त्यात हिंदी माणसाचे नावही नव्हते. वसाहतीत येणाऱ्याने ठरावीक नमुन्याचा अर्ज युरोपातील एखाद्या भाषेत व लिपीत लिहून दाखवावा, एवढीच अट होती. दिसण्यात अट भाषेची, हेतू वर्णाचा! वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन यांनी त्याच वर्षी हीच युक्ती इतर वसाहतींच्या प्रधानांपुढे आदर्श म्हणून ठेविली.

ऑस्ट्रेलियाने ती १९०१ मध्ये उचलली. तेथे अधिकारी आगंतुकास युरोपीय भाषेतील पन्नास शब्दांचा उतारा सांगे व तो त्याला लिहून घ्यावा लागे. भाषा कोणती, हे ठरविण्याचा अधिकार परीक्षकाचा! चांगले इंग्रजी येणाऱ्यास दुसरीच एखादी भाषा घातली की काम झाले. १९०९ नंतर या परीक्षेत एकही मनुष्य उत्तीर्ण झाला नाही. १९३४ मध्ये प्राग येथील एगॉन किश या बहुभाषी पत्रकारास सरकारला येऊ द्यावयाचे नव्हते. त्याला स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील गेलिक भाषेचा उतारा घालण्यात आला. प्रकरण वरिष्ठ न्यायालयात गेले व ही भाषा कायद्याला अभिप्रेत असलेली युरोपीय भाषा नव्हे, असा निकाल लागून सरकारचे हसे झाले. तथापि परीक्षा चालूच राहिली. ती रद्द झाली १९५८ साली.

ट्रान्सवालमध्ये तर उत्तम इंग्रजी येऊनही भागेना. १९०८ साली सोराबजी शापुरजी अडाजानिया हे पारशी गृहस्थ सत्याग्रही म्हणून मुद्दाम त्या प्रांतात शिरले. भाषेच्या कसोटीस उतरण्याइतके इंग्रजी त्यांना येत होते. तरी आशियाई लोकांच्या नोंदणीच्या दुसऱ्या कायद्यावर बोट ठेवून त्यांना तुरुंगात धाडण्यात आले. पुढे १९१२ मध्ये ना. गोपाळ कृष्ण गोखले त्या देशी गेले. ज्यांच्या इंग्रजी वक्तृत्वाची कीर्ती विलायतेपर्यंत पोचली होती, ते गोखले जोहान्सबर्गच्या सभेत गांधीजींच्या आग्रहावरून मराठीत बोलले आणि गांधीजींनी त्यांच्या भाषणाचा हिंदुस्थानीत अनुवाद केला. त्या सभेस कोकणी मुसलमान व महाराष्ट्रीय मंडळीही होती. समोर आपली माणसे असताना आपल्या भाषेत बोलण्यात गोखल्यांना कमीपणा वाटला नाही.

आजच्या परीक्षांचे मूळ मात्र वेगळे आहे. केंब्रिज विद्यापीठाने १९१३ साली परकीयांसाठी इंग्रजी प्रावीण्याची परीक्षा सुरू केली, ती मुख्यतः इंग्रजी शिकवू इच्छिणाऱ्यांसाठी. सुमारे बारा तासांच्या त्या परीक्षेत भाषांतर, व्याकरण, उच्चारशास्त्र, साहित्य व निबंध असा भरगच्च थाट होता. निबंधाच्या विषयांत आपल्या १८५७ च्या उठावाचाही समावेश होता. त्या वर्षी तिघे बसले आणि तिघेही अनुत्तीर्ण झाले! पुढे परदेशी विद्यार्थी वाढले, तेव्हा साहित्याच्या ज्ञानापेक्षा व्याख्यान समजते काय, निवेदन लिहिता येते काय, हे पाहण्याची गरज भासू लागली. त्यातून १९६४ मध्ये अमेरिकेत ‘टोफेल’ सुरू झाली. ब्रिटनमध्ये १९८० साली निघालेल्या परीक्षेचे रूपांतर होऊन १९८९ मध्ये ‘आयेल्ट्स’ अस्तित्वात आली व तीत ऑस्ट्रेलियाची संस्थाही भागीदार झाली. ज्या देशाने पन्नास शब्दांचे कुंपण घातले होते, तोच आता मोजमापाच्या कामात सहभागी झाला, हा काळाचा महिमा होय.

‘आयेल्ट्स’मध्ये श्रवण, वाचन, लेखन व संभाषण असे चार भाग असतात. श्रवण सुमारे अर्धा तास, वाचन व लेखन प्रत्येकी एक तास, आणि परीक्षकाशी अकरा ते चौदा मिनिटे बोलणे. गुण शून्य ते नऊ या श्रेणीत, अर्ध्या-अर्ध्या पायरीने दिले जातात. उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा शेरा तीत नाही. किती गुण पुरेत, हे ज्या त्या विद्यापीठाने, व्यवसायमंडळाने वा सरकारने ठरवावयाचे असते. म्हणजे ताप किती, हे तापमापक सांगतो. रोग्याला आत घ्यावयाचे की नाही, हे इस्पितळ ठरविते. जुन्या कुंपणात आणि या मापात हाच मोठा फरक आहे. मात्र माप प्रामाणिक असले तरी अट वाजवी आहे की नाही, हे विचारण्याचा हक्क इतिहासाने आपणांस शिकविला आहे, तो सोडू नये.

यावरून आमच्या विद्यार्थिवर्गास चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. प्रथम, जेथे जावयाचे तेथे प्रत्येक भागात किती गुण लागतात, हे लेखी समजून घ्यावे. बेरीज चांगली असूनही एकट्या लेखनात अर्धा बँड कमी पडल्याने अडलेल्या परिचारिका आम्ही पाहिल्या आहेत. दुसरे, गुण साधारणपणे दोनच वर्षे ग्राह्य धरले जातात, म्हणून घाईने परीक्षा देऊन ठेवण्यात लाभ नाही. तिसरे, आपल्या शाळांत व्याकरण व भाषांतर यांवर भर असतो, कानाला व जिभेला सराव नसतो. तो रोज करावा. पाठ केलेले निबंध परीक्षक ओळखतात व त्यांचे गुण कापतात. चौथे आणि पालकांसाठी महत्त्वाचे, गुण हाती येण्यापूर्वी कोणा मध्यस्थाच्या भरवशावर जमीन गहाण टाकू नये.

आणि आपल्या संस्थेस एक विनंती. सत्कारासाठी आपण शाल-श्रीफळावर खर्च करतो. त्यातील थोडा भाग बाजूस काढून परीक्षाशुल्कासाठी बिनव्याजी कर्जनिधी उभारावा व सभागृहात रविवारी इंग्रजी वाचन-संभाषणाचा वर्ग चालवावा. ज्ञातीतील निवृत्त शिक्षक या कामी आनंदाने पुढे येतील, अशी आमची खात्री आहे. आम्ही आपले नाव प्रथम नोंदवितो.

या वर्षी ज्यांचे गुण कमी पडले, ती मुले व मुली आपलीच आहेत. एका परक्या भाषेच्या एका दिवसाच्या मापाने त्यांची विद्या, त्यांचे कष्ट वा त्यांचे कूळ उणे ठरत नाही. त्यांना कोणी नापास म्हणू नये. त्या परीक्षेतही तो शब्द नाही. त्यांनी पुन्हा बसावे, आणि घरच्यांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवावा.